कॅम बदलला की बुलेट पळते का?

"रेसिंग कॅम टाक, बुलेटचं विमान होतं" हे वाक्य आपल्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये, मेसच्या रांगेत आणि सबमिशनच्या आदल्या रात्री प्रत्येकाने एकदा तरी ऐकलेलं आहे. सांगणारा सहसा सीनिअर असतो, त्यामुळे कोणी "कसं काय?" असं विचारत नाही. या लेखात आपण तेच विचारणार आहोत. थर्मो आणि थिअरी ऑफ मशिन्समध्ये शिकलेले फंडे पेपर झाल्यावर विसरण्यासाठी नसतात, ते अशाच ठिकाणी वापरायचे असतात. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे काही ठिकाणी मराठी अडखळलं तर सांभाळून घ्या. आकडे मात्र तपासून घ्या, कारण या लेखात तेच महत्त्वाचे आहेत.

उत्तर आधीच सांगून टाकते. कॅम नवी शक्ती तयार करत नाही, शक्ती कोणत्या आरपीएमला मिळेल ते ठरवतो. हे का, ते आता टप्प्याटप्प्याने पाहू.

आधी कोणती गाडी ते ठरवू

जुन्या मोटारसायकली म्हटलं की आपल्या भागात राजदूत, येझदी, यामाहा आरएक्स १०० आणि बुलेट ही नावं निघतात. यातल्या पहिल्या तिघींमध्ये कॅमशाफ्ट शोधत बसू नका, कारण तो नाहीच. त्या टू-स्ट्रोक आहेत. तिथे सिलिंडरच्या भिंतीत पोर्ट असतात आणि पिस्टन वर-खाली होताना स्वतःच ते उघडतो आणि झाकतो. कॅमने उघडावा लागणारा व्हॉल्व्ह नाही, म्हणून कॅमही नाही. "आरएक्सला कॅम टाकला" असं कोणी सांगितलं तर फक्त हसा.

फोर-स्ट्रोकमध्ये जुनी आणि अजूनही रस्त्यावर दिसणारी गाडी म्हणजे कास्ट आयर्न इंजिनची बुलेट ३५०. १९५६ मध्ये मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला एन्फिल्ड इंडियाचा कारखाना सुरू झाला आणि मूळ इंग्लंडच्या रेडिच गावचं हे डिझाइन थोड्याफार बदलांसह आपल्याकडे साधारण २०१० पर्यंत विकलं गेलं. बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी, क्षमता ३४६ सीसी. शेवटच्या काळातल्या स्टँडर्ड मॉडेलचे आकडे असे : शक्ती १८ बीएचपी ५६२५ आरपीएमला, टॉर्क ३२ न्यूटन-मीटर ३००० आरपीएमला, कॉम्प्रेशन रेशो ५.५. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

या इंजिनात एक लांब कॅमशाफ्ट नसतो. उजव्या बाजूच्या टायमिंग कव्हरखाली दोन छोटे कॅम असतात, एक इनलेटचा आणि एक एक्झॉस्टचा. प्रत्येक कॅम आपल्या गिअरसोबत फिरतो. कॅम टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबतो. कव्हर काढलं की दोन्ही कॅम समोर दिसतात, हेड उतरवावं लागत नाही. "कॅम बदलणं सोपं आहे" हा समज इथूनच आला. काढणं सोपं आहे हे खरं आहे.

कॅम नेमकं काय करतो

फोर-स्ट्रोकची एक सायकल क्रँकच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत पूर्ण होते. प्रत्येक व्हॉल्व्ह त्यात एकदाच उघडायचा असतो. म्हणून कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. ५६२५ आरपीएमला कॅम मिनिटाला साधारण २८१२ वेळा फिरतो, म्हणजे इनलेट व्हॉल्व्ह एका सेकंदात ४७ वेळा उघडतो आणि बंद होतो. एवढ्या घाईत हवा आत घ्यायची आणि धूर बाहेर टाकायचा, हेच इंजिनाचं श्वास घेणं.

कॅमची ओळख तीन गोष्टींनी होते.

पहिली, लिफ्ट. व्हॉल्व्ह आपल्या सीटपासून किती मिलीमीटर उचलला जातो ते. व्हॉल्व्हच्या कडेभोवती जी फट तयार होते, तिचं क्षेत्रफळ पाय गुणिले व्हॉल्व्हचा व्यास गुणिले लिफ्ट. व्हॉल्व्हच्या तोंडाचं क्षेत्रफळ पाय गुणिले व्यासाचा वर्ग भागिले चार. दोन्ही समान ठेवून बघा, लिफ्ट व्यासाच्या एक चतुर्थांश येते. त्याच्या फार पुढे उचलून फायदा कमी होत जातो, कारण मग अडथळा व्हॉल्व्हच्या फटीचा नसून पोर्टचा आणि कार्ब्युरेटरचा असतो. बुलेट ३५० वर २४ मिमीचा मिकार्ब आहे, हेही ध्यानात ठेवा.

दुसरी, ड्युरेशन. व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो ते. लॅबमध्ये कट-सेक्शन इंजिनवर आपण सगळ्यांनी व्हॉल्व्ह टायमिंग डायग्राम काढलेला आहे. बहुतेकांनी मागच्या वर्षीच्या जर्नलमधून काढलेला आहे, पण असो.

तिसरी, ओव्हरलॅप. एक्झॉस्ट अजून बंद व्हायचा आहे आणि इनलेट उघडू लागला आहे, असा दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे असण्याचा काळ.

आता दोन कॅम कल्पनेने घेऊ. हे आकडे कोणत्या कंपनीचे नाहीत, हिशोबासाठी धरलेले आहेत.

साधा कॅम : इनलेट टीडीसीच्या २० अंश आधी उघडतो आणि बीडीसीच्या ५० अंश नंतर बंद होतो. ड्युरेशन २० + १८० + ५० = २५० अंश.

गरम कॅम : इनलेट टीडीसीच्या ४० अंश आधी उघडतो आणि बीडीसीच्या ७० अंश नंतर बंद होतो. ड्युरेशन ४० + १८० + ७० = २९० अंश.

आता खरा प्रश्न. बीडीसीनंतर पिस्टन वर यायला लागतो, तरी इनलेट उघडा का ठेवायचा? कारण हवेलाही वजन आहे, तिला जडत्व आहे. जास्त आरपीएमला इनलेट पाइपमधून हवा एवढ्या वेगाने येत असते, की पिस्टन उलट दिशेने निघाला तरी ती आत शिरतच राहते. पॅसेंजर गोंदियाच्या फलाटावर लागली की मागची गर्दी पुढच्यांना डब्यात ढकलते ना, तसंच. तेव्हा दार उशिरा बंद केलं तर चार माणसं जास्त बसतात.

पण कमी आरपीएमला हवेत तो जोर नसतो. पिस्टन वर येताना आत आलेलंच मिश्रण उघड्या इनलेटमधून परत कार्ब्युरेटरकडे ढकलतो. गर्दी नसलेल्या स्टेशनवर दार उघडं ठेवलं, तर बसलेली माणसं चहा प्यायला उतरतात. सगळ्या कॅमचा खेळ या एका गोष्टीवर आहे. दार कधी बंद करायचं, ते गर्दीच्या वेगावर ठरतं.

कॉम्प्रेशनचा हिशोब

कॉम्प्रेशन रेशो ५.५ लिहिलेला असतो, तो बीडीसीपासून मोजलेला असतो. पण इनलेट बंद होईपर्यंत काहीच दाबलं जात नाही. म्हणून खरं दाबणं किती होतं ते मोजायचं, तर इनलेट बंद होताना पिस्टन कुठे आहे ते काढावं लागतं. थिअरी ऑफ मशिन्समधलं स्लायडर-क्रँकचं सूत्र इथे उपयोगी पडतं. कनेक्टिंग रॉडची लांबी स्ट्रोकच्या दुप्पट, म्हणजे १८० मिमी धरू.

साधा कॅम, ५० अंशांवर बंद : पिस्टनला टीडीसीपर्यंत जायला ७७.३ मिमी उरतात. म्हणजे ९० पैकी ८६ टक्के स्ट्रोक कामाचा.

गरम कॅम, ७० अंशांवर बंद : उरतात ६५.४ मिमी. म्हणजे जेमतेम ७३ टक्के.

क्लिअरन्स व्हॉल्यूम ३४६ भागिले ४.५, म्हणजे ७७ सीसी. यावरून खरा कॉम्प्रेशन रेशो साध्या कॅमला साधारण ४.९ येतो आणि गरम कॅमला ४.३. आजच्या शंभर सीसीच्या गाडीचा छापील रेशो नऊच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो, त्याच्याशी तुलना करा. बुलेटचा रेशो मुळात कमी ठेवला आहे, कारण हे इंजिन साध्या, कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालण्यासाठी बनवलं होतं. ज्या इंजिनकडे दाब आधीच कमी, त्याचाच दाब आपण आणखी कमी करतो. ऑटो सायकलची एफिशिअन्सी कॉम्प्रेशन रेशोवर अवलंबून असते हे पहिल्या वर्गापासून शिकलो. म्हणजे खालच्या आरपीएमला टॉर्क पडणार आणि पेट्रोलही जास्त जाणार.

टॉर्क आणि शक्ती, दोघांत गल्लत नको

शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले कोनीय वेग. हे सूत्र सगळ्यांना पाठ आहे, पण कंपनीच्या आकड्यांवर लावून कोणी बघत नाही. लावू या.

३००० आरपीएमला ३२ न्यूटन-मीटर. कोनीय वेग ३१४ रेडियन प्रति सेकंद. शक्ती १०.०५ किलोवॅट, म्हणजे साधारण १३.५ बीएचपी.

५६२५ आरपीएमला १८ बीएचपी, म्हणजे १३.४ किलोवॅट. कोनीय वेग ५८९. भागाकार केला तर टॉर्क येतो २२.८ न्यूटन-मीटर.

बघा, ३००० ते ५६२५ मध्ये टॉर्क ३२ वरून २३ च्या खाली आला, कारण वरच्या वेगाला इंजिनाला श्वास पुरत नाही. गरम कॅम नेमकी हीच तक्रार दूर करतो. समजा त्याने ५६२५ ला टॉर्क २६ वर टिकवला. शक्ती होईल १५.३ किलोवॅट, म्हणजे २०.५ बीएचपी. अडीच बीएचपीची कमाई! गॅरेजमध्ये हाच आकडा सांगतात.

पण त्याच कॅमने ३००० ला टॉर्क ३२ वरून २७ वर आणला असं धरा. तिथली शक्ती १३.५ वरून ११.४ बीएचपीवर येते. हा आकडा कोणी सांगत नाही.

आता प्रश्न एवढाच, की आपण गाडी कुठल्या आरपीएमला चालवतो? चौथ्या गिअरमध्ये ताशी साठच्या आसपास बुलेटचं इंजिन साधारण तीन हजारांच्या जवळ असतं. गोंदिया-बालाघाट रस्ता घ्या किंवा आमगाव, तिरोडा, देवरीकडचा घ्या. राइस मिलचे ट्रक, धानाच्या ट्रॉल्या, मधेच गाई-म्हशी. चाळीस ते साठमध्येच गाडी चालते. ५६२५ ला मिळणारे अडीच बीएचपी वापरायला जागाच मिळत नाही, आणि ३००० ला गेलेले दोन बीएचपी रोज जाणवतात. मागे कोणी बसलं असेल तर जास्तच.

काकांची बुलेट

हे सगळं मला कागदावर करायची वेळ आली ती माझ्या काकांमुळे. आमगावजवळ त्यांची शेती आहे आणि १९८८ ची बुलेट आहे. गेल्या वर्षीपासून गाडी ओझं घेऊन उठेना. चुलत भावाला एका गॅरेजमध्ये सांगितलं, की कॅम सेट बदला, रेसिंगचा टाका, पिकअप दुप्पट होईल. सहा हजार रुपये खर्च. धान विकून पैसे यायचे होते आणि त्याच पैशांत बहिणीची फीसुद्धा भरायची होती.

मी काकांना म्हटलं, "काका, तुम्ही थांबा, आधी मोजून बघू."

काका म्हणाले, "पोरी, मले का रेस लावाची हाये? मागं पोतं ठेवून मंडीत जाचा हाये. पहिल्या गिअरवर उठली पाहिजे, बस."

खरं तर संपूर्ण स्पेसिफिकेशन त्यांनी एका वाक्यात देऊन टाकलं होतं. कमी आरपीएमला टॉर्क हवा. गरम कॅम याच्या बरोबर उलट काम करतो.

दिवाळीच्या सुट्टीत दादाने आणि मी टायमिंग कव्हर उघडलं. कॅम मोजायला फार काही लागत नाही, एक मायक्रोमीटर पुरतो. नाकापासून मागच्या बाजूपर्यंतची पूर्ण उंची मोजायची, त्यातून बेस सर्कलचा व्यास वजा करायचा. जे उरतं ती कॅमची लिफ्ट. एक नवा स्टँडर्ड कॅम सेट दुकानातून परत करण्याच्या बोलीवर आणला आणि तोही मोजला. इनलेट कॅम जवळपास ठीक होता. एक्झॉस्ट कॅमचं नाक जवळजवळ दीड मिलीमीटर झिजलेलं निघालं, आणि त्याच्या टॅपेटच्या पायावर खड्डा पडलेला.

म्हणजे धूर पूर्ण बाहेरच जात नव्हता. जळका वायू आत राहिला तर ताज्या मिश्रणाला जागा कमी मिळते. गाडीला नव्या प्रकारचा कॅम नको होता, तिला तिचाच जुना कॅम परत हवा होता.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती वर्गात कोणी बोललं नव्हतं. टॅपेट सेट करताना व्हॉल्व्ह बंद असतो, म्हणजे टॅपेट बेस सर्कलवर बसलेला असतो. या बुलेटमध्ये थंड इंजिनला पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलायला नको, अशी सेटिंग करतात. झिजतं ते नाक, बेस सर्कल नाही. त्यामुळे नाक कितीही झिजलं तरी टॅपेटची सेटिंग बरोबरच येते. मेकॅनिक दर महिन्याला टॅपेट बघतो, "एकदम ओके" म्हणतो, आणि गाडी दर महिन्याला थोडी आणखी मरते.

स्टँडर्ड कॅम, त्यांचे टॅपेट आणि व्हॉल्व्ह लॅपिंग, एवढ्यावर काम झालं. रेसिंग सेटच्या निम्म्याहून कमी खर्च आला. पोतं ठेवून गाडी पहिल्या गिअरवर उठते. काकांनी एवढंच विचारलं, "आता पेट्रोल किती खाईन हे?"

वरच्या आरपीएमची किंमत

तरी कोणी म्हणेल, मला टॉर्क नको, मला हायवेवर वरचीच शक्ती हवी. ठीक आहे. मग खालचं इंजिन ती झेलेल का ते बघू.

पिस्टनचा सरासरी वेग म्हणजे दोन गुणिले स्ट्रोक गुणिले आरपीएम भागिले ६०. बुलेटला ५६२५ ला हा वेग येतो सेकंदाला १६.९ मीटर. स्प्लेंडरचा स्ट्रोक ४९.५ मिमी आहे आणि तिची कमाल शक्ती ८००० आरपीएमला मिळते. तिचा पिस्टन वेग येतो १३.२ मीटर. ऐकायला स्प्लेंडर किंचाळते आणि बुलेट आरामात धडधडते, पण पिस्टन जास्त धावतो तो बुलेटचा. लांब स्ट्रोकची ही गंमत आहे.

गरम कॅमचा फायदा घ्यायला तुम्ही ६५०० पर्यंत नेलं, तर वेग १९.५ मीटर होतो. आणि जडत्वाचं बल आरपीएमच्या वर्गाने वाढतं. ६५०० भागिले ५६२५, त्याचा वर्ग १.३४. म्हणजे कनेक्टिंग रॉड आणि बिग एंडवर ३४ टक्के जास्त ताण. जुन्या बुलेटचा बिग एंड फ्लोटिंग बुशवर चालतो, त्याला हा खेळ मानवत नाही.

तोच वर्गाचा नियम व्हॉल्व्ह स्प्रिंगलाही लागतो. पुशरॉड, टॅपेट, रॉकर, व्हॉल्व्ह एवढं सगळं वजन स्प्रिंगने कॅमला चिकटवून ठेवायचं असतं. स्प्रिंग कमी पडली की व्हॉल्व्ह कॅमचं ऐकत नाही, हवेत तरंगतो. याला व्हॉल्व्ह फ्लोट म्हणतात. तरंगणारा व्हॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन यांची गाठ पडली, तर व्हॉल्व्ह वाकतो आणि चालत्या गाडीचं इंजिन जाम होऊ शकतं. बालाघाट रोडवर मागे ट्रक असताना मागचं चाक जाम झालं, तर पुढे काय होईल ते लिहायला नको.

कॅम बनतो कसा

कॅम जेवढा साधा दिसतो तेवढा बनवायला साधा नाही. आपल्याच महाराष्ट्रात सोलापूरला प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी १९९२ मध्ये सुरू झाली आणि आज ती देश-परदेशातल्या कार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवते. सोलापूर म्हटलं की आपल्याला फक्त चादर आठवते. चिल्ड कास्ट आयर्न ही तिथली एक पद्धत. साच्यात जिथे कॅमचं नाक येणार तिथे धातूचे चिल ठेवतात. वितळलेलं लोखंड तिथे झटकन थंड होतं, कार्बनला ग्राफाइट व्हायला वेळ मिळत नाही, कार्बाइड तयार होतो आणि पृष्ठभाग कठीण होतो. आतला भाग सावकाश थंड होतो, म्हणून तुलनेने मऊ आणि चिवट राहतो. मग ग्राइंडिंग.

आता गल्लीतला "रेसिंग कॅम" बघा. एक पद्धत म्हणजे नाकावर वेल्डिंग करून घासायचं. दुसरी म्हणजे बेस सर्कलच घासून लहान करायचं, म्हणजे वजाबाकीत लिफ्ट आपोआप वाढते. चलाखी छान आहे, पण दोन्हीत कठीण थराचं काय झालं ते डोळ्यांना दिसत नाही. तो थर गेला की मऊ धातू टॅपेटखाली झपाट्याने झिजतो. झिजलेली पूड तेलात जाते आणि त्याच तेलावर बिग एंड चालतो.

नीट ग्राइंड केलेले चांगले कॅम मिळतात, आणि कॅमवर काम करणारे जाणकार लोकही आहेत. पण त्यांची एक खूण आहे. ते फक्त कॅम कधीच विकत नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीची गोल्ड स्टार ही गाडी गाजली. गिऱ्हाईक टूरिंग करणार की स्क्रॅम्बल की रेस, ते विचारून कारखाना त्याप्रमाणे कॅम द्यायचा, आणि त्यासोबत कॉम्प्रेशन, कार्ब्युरेटर आणि गिअर रेशोही. एकटा कॅम म्हणजे वर्गातल्या एकाच मुलाने सगळ्या ग्रुपचं प्रोजेक्ट करणं. होतं, पण मार्क मिळत नाहीत.

आणि ज्यांना खाली टॉर्क आणि वर शक्ती दोन्ही हवं होतं, त्यांनी शेवटी दोन कॅम ठेवले. २०१८ मध्ये भारतात आलेल्या यामाहा आर१५ च्या तिसऱ्या आवृत्तीत इनलेटसाठी दोन वेगळे आकार आहेत. ७४०० आरपीएमच्या खाली एक चालतो, वर दुसरा. एकाच कॅमने दोन्ही साधलं असतं, तर एवढा खटाटोप कोणी केला नसता.

पीयूसी आणि आरटीओ

ओव्हरलॅप वाढला की आयडलला इंजिन लंगडतं. तो "धड-धड-धडक" आवाज अनेकांना आवडतो. पण त्याचं कारण असं, की कमी वेगाला ताजं मिश्रण आणि धूर एकमेकांत मिसळतात आणि थोडं पेट्रोल न जळता बाहेर जातं. पीयूसीची तपासणी आयडललाच होते. ३१ मार्च २००० पूर्वी बनलेल्या दुचाकीला मर्यादा आहे कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९००० पीपीएम. त्यानंतरच्या, भारत स्टेज ४ च्या आधीच्या फोर-स्ट्रोक दुचाकीला ३.५ टक्के आणि ४५०० पीपीएम. जुन्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, तेव्हा गाडी एमएच ३५ च्या कार्यालयात न्यावी लागते. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ हे वाहनातल्या बदलांबद्दल आहे. ज्याला मॉडिफिकेशनची हौस आहे त्याने ते एकदा वाचून ठेवावं.

तरीही करायचंच असेल तर

१. आधी जुना कॅम मोजा. कॉम्प्रेशन टेस्ट, इग्निशन टायमिंग, व्हॉल्व्ह सीट, कार्ब्युरेटर, चेन, क्लच हे सगळं तपासा. बहुतेक वेळा दुखणं इथेच सापडतं.

२. विकणाऱ्याला विचारा, ड्युरेशन कोणत्या लिफ्टपासून मोजलं आहे? कोणी ०.१ मिमीपासून मोजतं, कोणी १.२७ मिमीपासून. दोन कॅमचे आकडे वेगळ्या लिफ्टवर मोजलेले असतील तर त्यांची तुलनाच होत नाही. उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका.

३. कॅमसोबत टॅपेट नवेच घाला. जुना टॅपेट नव्या कॅमला खातो.

४. गिअरवरच्या खुणा जुळवा, पण त्यावर थांबू नका. डिग्री व्हील आणि डायल गेज लावून स्वतः टायमिंग डायग्राम काढा. टीडीसी शोधायला पिस्टन स्टॉप वापरा. दोन्ही दिशांनी क्रँक फिरवून जिथे अडतो ते दोन कोन घ्या, त्यांचा मध्य म्हणजे टीडीसी.

५. पिस्टनवर प्लॅस्टिसिनचा पातळ थर लावून हेड बसवा आणि इंजिन हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. हेड काढून ठसा कापा आणि जाडी मोजा. इनलेटला निदान दीड ते दोन मिलीमीटर जागा हवी, एक्झॉस्टला त्याहून थोडी जास्त. प्लॅस्टिसिन दहा-वीस रुपयांना येतं, व्हॉल्व्ह आणि पिस्टन येत नाहीत.

६. कॉम्प्रेशन, जेट आणि स्प्रिंग यांचा एकत्र विचार करा. यातलं काहीच बदलायचं नसेल तर कॅमही बदलू नका.

थोडा स्वाध्याय

ज्यांना व्हायव्हाची तयारी करायची आहे त्यांच्यासाठी. (अ) इनलेट ६० अंशांवर बंद होत असेल, तर वरच्याच पद्धतीने खरा कॉम्प्रेशन रेशो काढा. उत्तर साधारण ४.६ यायला हवं. (आ) गरम कॅमवर तोच रेशो ४.९ करायचा असेल, तर मूळ कॉम्प्रेशन रेशो ५.५ ऐवजी किती हवा? (इ) आपल्या स्वतःच्या गाडीचा स्ट्रोक आणि कमाल शक्तीचा आरपीएम घेऊन पिस्टन वेग काढा आणि बुलेटशी ताडून बघा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर काढताना तुमच्या लक्षात येईल, की कॅमच्या प्रश्नातून आपण पिस्टन आणि हेडच्या प्रश्नात येऊन पोहोचलो. इंजिनात कोणताही भाग एकटा नसतो.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी कोणी कॅम टाकायला सांगेल तेव्हा त्याला दोनच प्रश्न विचारा. "आत्ताचा कॅम मोजलास का?" आणि "गाडी कुठल्या आरपीएमला चालवतोस?" मायक्रोमीटर आपल्या मेट्रॉलॉजी लॅबमध्ये आहे, सरांना विचारलं तर वापरू देतात. फक्त वापरून झाल्यावर पुसून, डबीत घालून परत ठेवा.